दख्खनच्या कातळात हीट पंप: उथळ भूऔष्णिक क्षमता मोजायची कशी?

कातळवाट | सोमवार, सकाळी ९:४०

भूऔष्णिक म्हटलं की आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरी, तुरळ-राजवाडी नाहीतर उनपदेवची गरम कुंडं आठवतात. हा धागा त्यांच्याबद्दल नाही. हा वरच्या शंभरेक मीटरबद्दल आहे. तिथला खडक कढत नसतो की गार नसतो, फक्त बाराही महिने एकाच तापमानाला असतो. बोअरमध्ये यू आकाराची एचडीपीई नळी सोडायची, ती बंद ठेवून तिच्यातून पाणी फिरवायचं, आणि हीट पंपाने इमारतीतली उष्णता त्या पाण्यात टाकायची किंवा त्यातून उचलायची. हे कुठेही जमतं. प्रश्न एवढाच असतो की किलोवॅटमागे किती मीटर बोअर लागेल, आणि एखाद्या प्रदेशाची क्षमता म्हणजे याच प्रश्नाचं गावागणिक उत्तर.

असे नकाशे करताना हमखास एक चूक होते. जर्मन अभियंता संघाच्या (व्हीडीआय) जुन्या ४६४० मार्गदर्शिकेतल्या तक्त्यात बेसॉल्टसमोर मीटरमागे ४० ते ६५ वॅट असा आकडा आहे, वर्षाला १८०० तास चालणाऱ्या यंत्रासाठी. महाराष्ट्राची सुमारे ८० टक्के जमीन दख्खनच्या बेसॉल्टची, म्हणून तोच आकडा सगळीकडे चिकटवला जातो आणि रंगीत नकाशा तयार होतो. पण तो तक्ता घर तापवण्यासाठी आहे आणि १०-११ अंशांच्या जमिनीसाठी आहे. आपली जमीन २६ ते २८ अंशांची, आणि आपल्याला हवाय गारवा. खडक तोच असला तरी हिशेब सगळा बदलतो.

माझं म्हणणं असं: आपल्याकडे खरी साठवण खडकाच्या वाहकतेत (त्यातून उष्णता किती सहज जाते त्यात) नाही, अंशांमध्ये आहे. जमिनीचं तापमान आणि लूपमधल्या, म्हणजे त्या बंद नळीतल्या, पाण्याला परवडणारं कमाल तापमान यांत किती अंशांचं अंतर उरतं, ते आधी शोधा. खडकाचा नकाशा त्यानंतर.

तापमान मोजायला नवीन बोअर लागत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आणि केंद्रीय भूजल मंडळाचे पीझोमीटर (पातळी मोजायचे बोअर) आहेतच. परवानगी घेऊन, ज्यावर पंप नाही किंवा निदान दोन दिवस पंप चाललेला नाही असा बोअर निवडायचा आणि तारेला थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा संवेदक) बांधून सोडायचा. दर दोन मीटरला थांबायचं, आकडा स्थिर होईपर्यंत दोन ते पाच मिनिटं द्यायची. वाचन खाली उतरतानाच घ्यायचं. वर ओढताना पाणी घुसळलेलं असतं. पाण्याच्या पातळीच्या वरचे आकडे हवेचे असतात, ते टाकून द्यायचे.

---

सांडशी | सोमवार, सकाळी ११:१५

किती खोलीपासून तापमान स्थिर धरायचं? दोन मीटरवर आडवे पाइप टाकले तर बोअरचा खर्चच वाचेल ना?

---

उष्मागणित | सोमवार, दुपारी १:०५

सांडशी, ऋतूंची लाट जमिनीत उतरताना विरत जाते. ओलसर मातीत साधारण सव्वादोन मीटरला ती ३७ टक्क्यांवर येते. १० मीटरवर एक-दोन टक्केच उरते, म्हणून १० ते १५ मीटरखाली स्थिर म्हणायला हरकत नाही. २ मीटरवर मात्र ४० टक्के लाट शिल्लक असते, आणि ती सुमारे ५० दिवस उशिरा पोचते. मे महिन्यातला उन्हाळा त्या पाइपांना जून-जुलैत जाणवतो.

पण आडव्या पाइपांचा खरा शत्रू काळी माती. रेगूर उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपपासून सुटते. त्या फटीत हवा शिरली की वाहकता पाव हिश्शावर येऊ शकते. त्यात आपण जमिनीत उष्णता सोडतोय, म्हणजे पाइपभोवतालची ओल आणखी दूर पळते. थंड देशांत उष्णता काढून घेताना ओल उलट पाइपकडे येते, म्हणून तिथे हेच पाइप चालतात. टाकायचेच असतील तर चर मुरूम-वाळूने भरून वर ठिबक सोडावी लागेल, आणि ते पाणी मे महिन्यात कुठून आणायचं?

आता कातळवाट यांच्या अंशांबद्दल. उदाहरण म्हणून पुण्यातली एक छोटी कार्यालयाची इमारत घेतो. शीतभार १० टन, म्हणजे ३५ किलोवॅट. यंत्राचा सीओपी, म्हणजे विजेच्या एका युनिटमागे मिळणारा गारवा, ४.५. जमिनीत टाकायची उष्णता ३५ × (१ + १/४.५) = ४२.८ किलोवॅट. वर्षाला पूर्ण भाराचे १५०० तास धरले तर ६४ मेगावॅट-तास, म्हणजे वर्षभराची सरासरी ७.३ किलोवॅट. मे महिन्याची सरासरी १२ किलोवॅट धरू.

अमेरिकी वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेच्या (अॅश्रे) पद्धतीत जमिनीला बसणारे उष्णतेचे तीन धक्के मोजतात: दहा वर्षांचा, एका महिन्याचा, सहा तासांचा. खडकाची वाहकता १.६ वॅट प्रति मीटर-केल्विन, उष्णताधारकता घनमीटरला २.३ मेगाज्यूल आणि बोअर ६ इंची धरला, तर या तीन धक्क्यांचे रोध (उष्णतेला होणारा अडथळा) अनुक्रमे ०.२३८, ०.२३९ आणि ०.०८८ येतात. नळी आणि ग्राउट (नळीभोवती बोअरमध्ये भरायचा माल) यांचा मिळून रोध ०.१२.

४२,८०० × ०.१२ = ५१३६
७३३० × ०.२३८ = १७४५
१२,००० × ०.२३९ = २८६८
४२,८०० × ०.०८८ = ३७६६

बेरीज साधारण १३,५००. हिला उपलब्ध अंशांनी भागलं की बोअरची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. यंत्रात शिरणारं पाणी ३४ आणि परतणारं ३९, म्हणजे सरासरी ३६.५. त्यातून जमिनीचे २७ वजा, शेजारच्या बोअरींच्या झळेचे २.५ वजा. उरले ७ अंश. १३,५०० ÷ ७ = १९३० मीटर, म्हणजे १०० मीटरचे वीस बोअर. मीटरमागे फक्त २२ वॅट.

तीच इमारत, तोच खडक, तोच भार, पण ११ अंशांच्या जमिनीत आणि झळ न धरता: अंतर २५.५ अंश, लांबी ५३० मीटर. जर्मन तक्ता इथे का फसतो ते या दोन आकड्यांत आहे.

---

कातळवाट | सोमवार, दुपारी २:३०

उष्मागणित, या हिशेबात कुठला आकडा चुकला तर जास्त फटका बसतो, तेही मांडाल का? नकाशा करणाऱ्याला आपला वेळ नि पैसा कशाच्या मोजणीवर घालवायचा ते त्यावरून कळेल.

---

उष्मागणित | सोमवार, दुपारी ३:५०

मांडतो. जमिनीचं तापमान २७ ऐवजी २८ निघालं तर उपलब्ध अंश ७ वरून ६, लांबी १७ टक्के वाढते. वाहकता १.६ ऐवजी १.४ निघाली तर लांबी ९ टक्केच वाढते. म्हणजे तापमानातली एका अंशाची चूक ही वाहकतेतल्या ०.२ च्या चुकीच्या जवळपास दुप्पट महाग पडते. थर्मिस्टर हजारांत येतो आणि वाहकतेच्या चाचणीला लाखांत खर्च होतो, तरी सगळे दुसरीच्याच मागे लागतात.

बोअरचा रोध ०.१२ वरून ०.०८ वर आणला तर साधारण २४० मीटर वाचतात, म्हणजे जवळपास अडीच बोअर. याचा नकाशाशी संबंध नाही, कारागिरीशी आहे.

शिरणाऱ्या पाण्याची मर्यादा ३४ वरून ३६ केली तर लांबी १५०० मीटरवर येते. त्याची किंमत कॉम्प्रेसर वसूल करतो, अंशामागे साधारण २ ते ३ टक्के जास्त वीज. हा निर्णय इमारतीगणिक घ्यायचा. नकाशावर मात्र सगळीकडे एकच मर्यादा धरा, नाहीतर दोन तालुक्यांची तुलनाच होणार नाही.

---

सांडशी | सोमवार, संध्याकाळी ६:२०

वीस बोअरला जागा कुठून आणायची? १०० ऐवजी २०० मीटरचे दहा का नकोत? डीटीएच रिगला (हवेच्या दाबाने हॅमर चालवणाऱ्या बोअरच्या यंत्राला) २०० मीटर काही जड नाही.

---

मांजऱ्या | सोमवार, रात्री ९:१०

रिगला जड नाही, अंशांना जड आहे. दख्खनच्या पठारावर जमिनीतून वर येणारा उष्णतेचा प्रवाह चौरस मीटरला ४० मिलिवॅटच्या आसपास आहे. त्याला १.७ वाहकतेने भागलं की १०० मीटरला सुमारे २.४ अंश वाढ. १०० मीटरच्या बोअरचं सरासरी तापमान म्हणजे त्याच्या मध्यावरचं, ५० मीटरचं. २०० मीटरच्या बोअरचं १०० मीटरवरचं, म्हणजे १.२ अंशांनी जास्त. तुमच्याकडे खर्चायला सातच अंश आहेत, त्यातले सव्वा असे गेले. युरोपात तापवायचं असतं म्हणून खोल जाणं फायद्याचं. इथे ६० ते १०० मीटरचे जास्त बोअर बरे. जागा नसेल तर हा तोटा हिशेबात धरून १५० पर्यंत जा, पण धरा.

आता खडकाबद्दल. बेसॉल्ट हा एक खडक नाही, एकावर एक लाव्ह्यांची चळत आहे. कोयनेजवळच्या बोअरमध्ये तिची जाडी ९३३ मीटर भरली, किल्लारीला ३३८. वरच्या शंभर मीटरात तुम्हाला बहुधा चार गोष्टी भेटतात: वर माती-मुरूम, मग सच्छिद्र किंवा मांजऱ्या थर, त्याखाली घट्ट काळा कातळ, आणि दोन लाव्ह्यांच्या मध्ये लाल गेरूचा पट्टा. प्रत्येकाची वाहकता वेगळी. घट्ट कातळ १.७-१.८ च्या आसपास. मांजऱ्यातल्या पोकळ्या झिओलाइट-कॅल्साइटने भरलेल्या असोत की पाण्याने, तो १.३-१.४ च्या घरात. ओला मुरूम १ च्या आसपास, कोरडा निम्मा.

उदाहरणार्थ १२ मीटर मुरूम, ४० मांजऱ्या, ४४ घट्ट, ४ गेरू. जाडीच्या प्रमाणात सरासरी काढली तर मुरूम ओला असताना १.४९ आणि कोरडा असताना १.४३.

इथे एक कळीची गोष्ट. ही सरासरी साधी भारित काढायची. काही अहवालांत थरांसाठी हरात्मक सरासरी (व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त) काढलेली दिसते. ती उष्णता थरांना छेदून खालून वर जाते तेव्हा बरोबर. आपल्या नळीतून उष्णता आडवी, थरांच्या समांतर निघते. चुकीची सरासरी घेतली की घट्ट कातळाचा फायदा पुसला जातो.

बोअरचा लॉग नीट लिहा. दर ३ मीटरला चुरा पिशवीत, खोलीची चिठ्ठी आत. राखाडी कोरडी धूळ आली की घट्ट कातळ. पांढरे-हिरवट कण आले की मांजऱ्या. लाल चिखल आला की गेरू. प्रत्येक रॉडला किती मिनिटं लागली तेही टिपा, कारण रॉड अचानक पटपट खाली गेला तर थर बदललाय आणि चुरा अजून वर पोचायचाय. पाणी कुठे लागलं ते ठळक लिहा. बोअरवाल्याकडून "सगळा काळा दगड" एवढंच मिळतं, त्यावर नकाशा उभा राहत नाही.

---

वऱ्हाडी वारा | मंगळवार, सकाळी ८:००

पुण्याचं गणित समजलं, पण या तंत्राची जास्त गरज विदर्भाला आहे. नागपूरची जमीन २८ च्या आसपास धरली तर अंतर सहाच अंश उरतं, म्हणजे नकाशावर नागपूर पुण्याहून फिकं दिसेल. पण मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना हवेवर चालणारं यंत्र त्या ४४ शी झगडतं आणि लूपवरचं यंत्र ३४ शी. दहा अंशांचा फरक म्हणजे ऐन भाराच्या तासांना २० ते ३० टक्के वीज कमी. मुंबईत तेव्हा हवाच ३३-३४ असते आणि जमीन २८. तिथे एवढे बोअर मारून हाती काही लागत नाही. महाबळेश्वरची जमीन २० च्या आसपास, लांबी निम्म्यावर येईल, पण तिथे गार काय करायचंय?

तेव्हा क्षमतेचे दोन नकाशे हवेत. एक, मीटरमागे किती वॅट. दुसरा, दर तासाची हवा आणि लूपचं पाणी यांतला फरक वर्षभर जोडून किती वीज वाचते. पहिल्यात सातारा पुढे येतो, दुसऱ्यात नागपूर-चंद्रपूर-अकोला.

शिवाय पूर्व विदर्भ बेसॉल्टचा नाही. नागपूर शहरातच पश्चिमेला बेसॉल्ट नि पूर्वेला वेगळा खडक. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे ग्रॅनाइट-नाइस, त्याची वाहकता २ ते ४ च्या घरात. चंद्रपूरकडे गोंडवनाचा वालुकाश्म, ओला असेल तर तोही बेसॉल्टहून सरस.

आणि खारपाणपट्टा विसरू नका. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला-अमरावती-बुलढाण्याचा गाळ खोल आहे, पाणी खारं म्हणून पिण्याला नि शेतीला निरुपयोगी. बंद लूपला त्याचं काही वाटत नाही. पाणी नळीच्या आत येतच नाही, आणि भिजलेल्या गाळाची वाहकता १.५ ते २.४ पर्यंत जाते. ज्या पाण्याचा कुणाला उपयोग नाही त्याचा इथे होतो.

---

मांजऱ्या | मंगळवार, सकाळी ९:२५

वऱ्हाडी वारा, खारपाणपट्ट्याचा मुद्दा महत्त्वाचा. फक्त तिथे डीटीएच चालत नाही. हवेच्या झोताने गाळ ढासळतो आणि हॅमर अडकतो. तिथे बेंटोनाइट मातीचा चिखल फिरवणारी रोटरी रिग लागते, आणि भोक पूर्ण झाल्यावर त्याच दिवशी नळी खाली गेली पाहिजे. रात्रभर ठेवलं तर भोक मिटतं. नळी उतरवताना ती पाण्याने भरलेली आणि दाबाखाली हवी, टोकाला वजन. रिकामी नळी चिखलात तरंगते.

खुलं पाणी उपसून लूप चालवायचा विचार कुणी करत असेल तर तोही इथेच सांगतो. ४३ किलोवॅटसाठी ५ अंशांचा फरक ठेवला तर तासाला ७.४ घनमीटर पाणी लागतं, आणि तेवढंच परत जिरवायचं. बेसॉल्टमधल्या बहुतेक बोअरला उन्हाळ्यात एवढं टिकत नाही. तापीच्या गाळात टिकेल, पण सातपुड्याच्या पायथ्याला रावेर-यावलकडे पातळी खूप खोल गेलीय. तिथला वरचा कोरडा दगडगोट्यांचा थर बंद लूपलाही वाईट.

पाण्याची पातळी नकाशात घालताना मे महिन्याचीच घ्या. ऑक्टोबरची घेतली की सगळा मुरूम ओला दिसतो.

---

सांडशी | मंगळवार, दुपारी १२:४०

टीआरटी म्हणजे थर्मल रिस्पॉन्स टेस्ट आपल्या विजेवर नीट होते का? आणि एका तालुक्याला किती लागतील?

---

उष्मागणित | मंगळवार, दुपारी ४:१५

होते, पण थेट महावितरणच्या लाइनवर नको. पद्धतीचं मूळ १९८३ चं, स्वीडनमध्ये मोगेनसेन यांनी मांडलेलं. नव्वदीच्या मध्यात ती ट्रेलरवर बसली. तत्त्व सोपं आहे: ठरावीक वॅट सतत टाका आणि पाण्याचं तापमान कसं चढतं ते बघा. सगळा भरवसा "ठरावीक" या शब्दावर. शक्ती सरासरीच्या दीड टक्क्याहून जास्त हलता कामा नये. गावात संध्याकाळी व्होल्टेज २३० चं २०० झालं तर हीटरची शक्ती पाव हिश्शाने घसरते. जनरेटर किंवा चांगला स्टॅबिलायझर, आणि वॅटची नोंद दर मिनिटाला.

बोअर मारून ग्राउट भरल्यावर पाच दिवस थांबा. ड्रिलिंगची आणि ग्राउटची उष्णता जायला हवी. आधी हीटर न लावता नळीतलं तापमान खोलीनुसार मोजा. मग मीटरमागे ५० ते ८० वॅट. १०० मीटरला ६ किलोवॅट घेतले, मिनिटाला २१-२२ लिटर पाणी फिरवलं, तर जाण्या-येण्यात ४ अंशांचा फरक राहतो. निदान ४८ तास चालू ठेवा. आपल्याकडे शेवटी पाणी ४५ अंशांच्या पुढे जातं, म्हणून वरच्या नळ्यांना जाड इन्सुलेशन आणि सावली हवीच. आलेखात २४ तासांची लाट दिसली की समजा, ऊन नळ्यांत शिरतंय.

वाहकता काढताना आडव्या अक्षावर वेळेचा नैसर्गिक लॉगरिदम, उभ्यावर सरासरी तापमान, आणि सरळ रेषेचा चढ. वॅट भागिले (४ × ३.१४ × खोली × चढ). ६००० वॅट, १०० मीटर, चढ २.९ असेल तर १.६५ येतं. सुरुवातीचे तास टाकायचे, कारण तेव्हा फक्त ग्राउटच तापत असतं. ६ इंची बोअर आणि आपला बेसॉल्ट असेल तर पहिले साधारण १२ तास.

मग शेवट थोडा थोडा पुढे सरकवत तेच गणित पुन्हा करा. आकडा एका जागी बसला तर चाचणी खरी. तो वाढतच राहिला तर भेगांतून पाणी वाहतंय आणि उष्णता वाहून नेतंय. पावसाळ्यानंतर केलेल्या चाचणीत हे हमखास होतं. तो आकडा वर्षभर धरला तर मे महिन्यात यंत्र हाय प्रेशरवर ट्रिप होणार. चाचणी एप्रिल-मेमध्येच करा.

किती लागतील? तालुक्यामागे आकडा सांगणं चूक होईल. खडकाच्या चळतीमागे मोजा. राज्यात भूजलाच्या हिशेबासाठी पंधराशेहून जास्त पाणलोट आखलेले आहेत. सारखी चळत आणि सारखी मे महिन्याची पातळी असलेले पाणलोट एका गटात घाला, आणि गटामागे दोन चाचण्या ठेवा. तापमानाची मोजणी मात्र प्रत्येक पाणलोटात.

---

कातळवाट | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

शहरांबद्दल एक सावधगिरी. काँक्रीट, डांबर, गटारं आणि तळघरं यांमुळे शहराखालची जमीन खेड्यापेक्षा गरम झालेली असते. कलोन, बर्लिन, ओसाका, बँकॉक, सगळीकडे हे मोजलं गेलंय. थर्मिस्टरच्या आलेखात वरचे ५०-६० मीटर उलटे वाकलेले दिसतात: वर गरम, मग थोडं गार, मग पुन्हा चढ. शहराबाहेरच्या निरीक्षण विहिरीचं तापमान पेठांमध्ये वापरू नका. एका अंशाची किंमत काय ते वर आलंच आहे.

---

दुधाचा टँकर | बुधवार, सकाळी १०:००

सगळे बोअरच मोजताय, भाराकडे कोणी बघत नाही. उष्मागणित यांच्या इमारतीत वर्षाला ६४ मेगावॅट-तास जमिनीत जातात आणि परत काहीच निघत नाही. ७ मीटर अंतरावरचे वीस बोअर म्हणजे सुमारे ९८ हजार घनमीटर खडक. त्याला एक अंश तापवायला ६३ मेगावॅट-तास पुरतात. चारही बाजू बंद धरल्या तर दर वर्षी एक अंश! वीस बोअरच्या कडेने बरीच उष्णता निसटते, म्हणून २.५ ची झळ चालून जाते. दोनशे बोअरच्या मैदानात मधल्या बोअरींना निसटायला कडाच नाही. सात अंश तिथे काही वर्षांत संपतात.

म्हणून ज्या उद्योगांना एकाच वेळी गारवा आणि गरम पाणी लागतं तिथे आधी बघा. दूध शीतकरण केंद्राला दूध ४ अंशांवर आणायचं असतं आणि टाक्या-नळ्या धुवायला कढत पाणीही हवं असतं. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात अशी केंद्रं गावोगाव आहेत. गारव्यातून निघालेली उष्णता सरळ धुण्याच्या पाण्यात घालायची, जमिनीला फक्त उरलेली द्यायची. तेवढ्याने बोअर निम्मे होऊ शकतात. रुग्णालयं आणि हॉटेलं यांचंही तेच. गरम पाणी न लागणारं शीतगृह मात्र जमिनीसाठी सगळ्यात वाईट गिऱ्हाईक, कारण ते दिवाळी-पाडवा न बघता बारा महिने उष्णताच ओततं.

नकाशात हा तिसरा थर हवा: कुठल्या गावात असे दुहेरी भार आहेत.

---

वऱ्हाडी वारा | बुधवार, सकाळी ११:४५

कार्यालयांनाही एक उपाय आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री हवा १०-१२ अंशांवर येते. लूपचं पाणी त्या रात्री साध्या कोरड्या कूलरमधून फिरवलं तर साठलेली उष्णता काढता येते. वीज फक्त पंप-पंख्यांची. विदर्भात थंडी आणखी कडक. कोकणात हे जमणार नाही.

---

सांडशी | बुधवार, दुपारी ३:१०

पण मग साधा कूलिंग टॉवर का नको? पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात टॉवर २७-३० अंशांचं पाणी सहज देतो, म्हणजे तुमच्या ३४ पेक्षा गार.

---

उष्मागणित | बुधवार, संध्याकाळी ५:००

बरोबर, आणि हे मान्य केल्याशिवाय कुठलाही अहवाल प्रामाणिक होत नाही. भरपूर पाणी असेल तर टॉवर स्वस्त आणि गार. पण तो प्रत्येक युनिट उष्णतेमागे दीड लिटर पाणी वाफ करून उडवतो. ६४ मेगावॅट-तासाला ९६ हजार लिटर, शिवाय क्षार साठू नयेत म्हणून टाकून द्यायचं पाणी वेगळं. लातूर-धाराशिवकडे मे महिन्यात हे पाणी टँकरचं असतं. बंद लूप एकदा भरला की भरला. त्यामुळे मराठवाड्याच्या नकाशात मीटरमागच्या वॅटइतकाच वाचलेल्या पाण्याचा आकडा ठेवा.

---

मांजऱ्या | बुधवार, रात्री ८:५०

ग्राउटबद्दल राहिलं होतं. स्वीडनमध्ये भोक नुसतं भूजलाने भरलेलं ठेवतात. पातळी जमिनीलगत असते म्हणून ते जमतं. इथे मे महिन्यात पातळी १५-२० मीटर खाली जाते आणि नळीभोवती तेवढी हवा उरते. त्यामुळे ग्राउट लागतोच. ६ इंची १०० मीटर भोकात ३२ मिलिमीटरच्या दोन नळ्या वजा जाता १.६५ घनमीटर माल लागतो. भेगाळ थर असेल तर निदान २० ते ३० टक्के जास्त ठेवा. दुप्पट माल जाऊनही वर येत नसेल तर पंप थांबवा. ग्राउट भेगेतून शेजारच्या विहिरीकडे चाललाय. त्या खोलीपर्यंत धुतलेली बारीक खडी टाकून भेग बंद करा, मग पुढे भरा.

माल तिसऱ्या नळीने तळापासून वर भरायचा. वरून ओतला तर मध्ये पोकळ्या राहतात, आणि वरचं उथळ पाणी खालच्या भेगांत झिरपायला वाट मिळते. गावची उथळ विहीर आटली तर दोष बोअरलाच लागणार, आणि तो रास्त असेल. जर्मनीत श्टाउफेन गावात २००७ मध्ये १४० मीटरचे सात बोअर मारले आणि पाणी अॅनहायड्राइटच्या थरात शिरलं. थर फुगला आणि अडीचशेहून जास्त घरांना तडे गेले. दख्खनच्या लाव्ह्यांत अॅनहायड्राइटची भीती नाही, पण पाण्याचे दोन थर एकमेकांत मिसळू न देण्याचा नियम तोच.

साधा बेंटोनाइट ०.७-०.८ वाहकतेचा असतो. त्यात गारगोटीची वाळू किंवा ग्राफाइट मिसळून १.६ च्या पुढे नेता येतो. २ च्या पुढे नेण्यात अर्थ नाही, खडकच तेवढा वाहक नाही.

नळी पीई-१००, एसडीआर-११ (व्यास जाडीच्या ११ पट). तिची १६ बारची क्षमता २० अंशांना मोजलेली असते, ४० अंशांना ती पाऊणपट होते. दाबचाचणी करताना हे लक्षात ठेवा. लूप धुताना नळीत पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली नको, नाहीतर हवा अडकून राहते. आपल्याला एक सवलत आहे: पाणी गोठायची भीती नाही, म्हणून ग्लायकॉल नको. साधं मृदू पाणी आणि गंजरोधक पुरे.

---

सांडशी | गुरुवार, सकाळी ९:३०

६० मीटरच्या नियमाचं काय? आणि भूशास्त्रीय नकाशे विकत घ्यावे लागतात का?

---

कातळवाट | गुरुवार, सकाळी १०:५०

नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या पोर्टलवर आहेत. त्यावर लाव्ह्यांचे गट दिसतात, पण घट्ट आणि मांजऱ्या थरांची जाडी त्यात मिळणार नाही. ती निरीक्षण विहिरींच्या लॉगमधूनच काढावी लागेल.

नियमाबद्दल: महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात खोल विहिरींवर बंधनं आहेत, आणि तिथली खोलीची रेघ ६० मीटरची आहे. बंद लूप पाणी उपसत नाही, पण कागदावर तो बोअरच दिसतो. म्हणून रिग येण्याआधी जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात अर्ज द्या. सोबत लूपचं चित्र, ग्राउटचा तपशील आणि "उपसा नाही, पंप नाही" हे स्पष्ट लिहिलेलं पत्र. परवानगी ६० मीटरपर्यंतच मिळाली तर १०० मीटरच्या वीसऐवजी ६० चे बत्तीस बोअर. मधली खोली ३० मीटरवर आल्याने अर्धा अंश उलट हाती लागतो, म्हणजे तीसही पुरतील. जागा मात्र दीडपट लागेल. पार्किंगखाली घालायचे असतील तर आडव्या जोडनळ्या दीड मीटर खाली ठेवा आणि वर फरसबंदी करण्याआधी प्रत्येक बोअरचं ठिकाण दोन पक्क्या खुणांपासून मोजून नकाशावर टाका.